रंगविलेल्या पडद्याची कथा

आमच्या वसईच्या परिसरात गावोगावी उत्सवप्रसंगी हौशी मंडळींची नाटके होत. त्यांकरिता रंगविलेला राजवाड्याचा एक पडदा आमच्या बालपणी गावात होता. तो पाहिला म्हणजे चित्रकार बाबूराव पेंटर यांचे स्मरण होते.

कोल्हापूर येथे ३ जून १८९० रोजी जन्मलेल्या बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांस कलाशाळेचे शिक्षण लाभले नाही. घरच्या कारागिरीवरच त्यांचा हात घडला. १९१० ते १९१६ या काळात आप्तबंधू आनंदराव यांच्यासह त्यांनी नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवून कीर्ती मिळविली. सपाट कापडावर महालाची खोली भासविणे, हीच ती किमया. इतक्यात १९१३ साली दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आला आणि उभयतांस चित्रपटाचा ध्यास लागला. १९१६ साली आनंदराव निवर्तले. तथापि बाबूरावांनी शिष्य दामले यांच्या साहाय्याने कॅमेरा सिद्ध केला व महाराष्ट्र फिल्म कंपनी स्थापिली. १९२० साली त्यांचा ‘सैरंध्री’ प्रकाशित झाला.

येथे एक गोष्ट ध्यानी घ्यावी. पडदे रंगवून नाव मिळविलेल्या याच पुरुषाने चित्रपटातून रंगीत पडदा काढून टाकला व त्याजागी भरीव देखावे उभारले! कॅमेऱ्याच्या डोळ्यास खोटी खोली खपत नाही, हे त्यांनी ओळखले. ‘सिंहगड’ (१९२३) मध्ये त्यांनी कृत्रिम प्रकाश योजिला. ‘सावकारी पाश’ (१९२५) मध्ये राजवाडा सोडून ते कर्जबाजारी शेतकऱ्याच्या झोपडीत शिरले. कुंचला मात्र सुटला नाही. पात्रांचे वेष व हालचाली ते आधी कागदावर रेखाटीत. जाहिरातीची भित्तिचित्रेही स्वतः रंगवीत. नवे साधन आले म्हणून जुनी विद्या वाया गेली नाही. ती नव्या कामी आली.

१६ जानेवारी १९५४ रोजी बाबूराव कालवश झाले. त्यांचे बहुतेक मूकपट आज उपलब्ध नाहीत. लोकरंजनाची कला लोकांनीच जपली नाही, तर दुसरे काय होणार?

हे लिहिताना आमचीच मान खाली जाते. गावचा तो पडदा आम्ही तरुणांनीच एका पावसाळ्यात पेंढ्याच्या उडवीवर झाकला. राजवाड्याचे रंग धुऊन गेले. पेंढा तेवढा कोरडा राहिला. त्या चित्रकाराचे नावही आम्ही कोणास विचारले नाही. ज्ञातिबांधवांच्या माळ्यावर असे एखादे चित्र वा पडदा अद्याप असेल, तर तो उलगडून पाहावा, आणि रंगविणाऱ्याचे नाव वडीलधाऱ्यांस आजच विचारावे, ही नम्र विनंती.