औषधापूर्वीचा जमाखर्च

ज्या कारखान्यात यंदा घातलेले भांडवल पुढल्या वर्षी मालाच्या रूपाने पदरात पडते, तेथील अर्थाधिकाऱ्याचे काम कष्टाचे असले तरी त्याच्या पायाखालची जमीन स्थिर असते. परंतु जो उद्योग सजीव पेशीच्या अंतरंगातील घडामोडींवर उभा आहे, जेथे पहिला पैसा खर्ची पडल्यापासून पहिली कुपी रोग्याच्या हाती पोचेपर्यंत दहा-बारा वर्षे सहज निघून जातात, आणि मानवी चाचण्यांपर्यंत येऊन ठेपलेल्या दर दहा औषधांपैकी जेमतेम एखादेच शासनमान्यतेचा उंबरठा ओलांडते, तेथे नुसत्या खर्डेघाशीने भागत नाही. विकण्याजोगे काहीही हाती नसताना शास्त्रज्ञांचे पगार, प्रयोगशाळेचे भाडे आणि चाचण्यांचा अवाढव्य खर्च वर्षानुवर्षे कशाच्या बळावर चालवावा? या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही जुन्या दप्तरात सापडण्यासारखे नव्हते. ते १९७६ नंतरच्या दहा-बारा वर्षांत, मुख्यतः सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात, थोड्या माणसांनी ठेचा खात पण विलक्षण बुद्धिसामर्थ्याने घडविले. जैवतंत्रज्ञानाच्या इतिहासात शास्त्रज्ञांची नावे यथोचित मानाने नोंदली गेली आहेत. त्यांच्या प्रयोगांना मुदत मिळवून देणाऱ्या या कारभाराचा इतिहास मात्र बहुधा तळटीपेत जातो, आणि ही उपेक्षा मला अन्यायाची वाटते.

१९७३ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील स्टॅन्ली कोहेन आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को येथील शाखेतील हर्बर्ट बॉयर यांनी एका जीवाचा जनुक जिवाणूच्या पेशीत नेऊन बसविण्याची रीत सिद्ध केली. या शोधाला व्यवहारात फळ धरण्यास कित्येक वर्षे लागतील, असे बहुतेक विद्वानांचे मत असताना रॉबर्ट स्वॉन्सन नावाचा अठ्ठावीस वर्षांचा तरुण, ज्याची पूर्वीची नोकरी नुकतीच सुटली होती, जानेवारी १९७६ मध्ये बॉयर यांच्या भेटीस गेला. काही मिनिटांसाठी ठरलेली ती भेट तीन तास चालली, आणि दोघांनी प्रत्येकी ५०० डॉलर कायदेशीर खर्चासाठी काढून ठेवून भागीदारी केली. त्याच वर्षी ७ एप्रिल रोजी जेनेन्टेक ही कंपनी रीतसर नोंदली गेली.

पैशासाठी स्वॉन्सन आपल्या पूर्वीच्या मालकांकडेच, म्हणजे जोखमीच्या उद्योगांत भांडवल घालणाऱ्या क्लायनर आणि पर्किन्स यांच्या पेढीकडे, गेला. स्वतःची प्रयोगशाळा उभारून मग प्रयोगास हात घालावा, असा त्याचा मूळ बेत होता. टॉम पर्किन्स यांनी तो उलटविला. एवढी मोठी रक्कम इमारतीत आणि उपकरणांत अडकवून, अखेर मूळ कल्पनाच अशक्य ठरली तर सारेच बुडावयाचे. त्यापेक्षा जेथे प्रयोगशाळा आणि जाणकार माणसे आधीपासून आहेत तेथेच काम मक्त्याने द्यावे, आणि एकच प्रश्न विचारावा, की जिवाणूकडून मानवी संप्रेरक करून घेता येते की नाही. एवढ्या एका प्रश्नापुरते १ लाख डॉलर त्यांनी दिले आणि कंपनीचा सुमारे चतुर्थांश हिस्सा घेतला. पेशवाईत स्वारीचा खर्च पुढे वसूल व्हावयाच्या चौथाईच्या भरवशावर सावकारांकडून उभा करण्याचा रिवाज होता, आणि त्या कर्जाच्या चिंतेने खुद्द पहिल्या बाजीरावासारखा सेनानीही गांजलेला असे. पर्किन्स यांनी सबंध स्वारीचे कर्ज एकदम न उचलता पहिल्या मुक्कामापुरतीच रसद दिली. संशयाचा एक पदर दूर झाला की पुढचा हप्ता, आणि तोही चढ्या भावाने, हे या व्यवसायाचे आद्य सूत्र तेथेच निश्चित झाले.

त्या पहिल्या मुक्कामाची हकीकत जवळून पाहण्यासारखी आहे. निवडलेले संप्रेरक होते सोमॅटोस्टॅटिन. त्याला मोठा बाजार नव्हता, परंतु त्याची साखळी अवघ्या १४ अमिनो आम्लांची असल्याने त्याचा जनुक रासायनिक रीतीने जुळविणे शक्य होते. लॉस एंजेलिसजवळच्या सिटी ऑफ होप या संस्थेत केइची इटाकुरा आणि आर्थर रिग्ज यांनी तो जनुक तयार केला. १९७७ च्या जूनमध्ये जिवाणूंतील अर्क तपासला, तेव्हा संप्रेरकाचा मागमूस नव्हता. स्वॉन्सनला पोटाच्या अशा कळा सुरू झाल्या की त्याला रुग्णालयात न्यावे लागले. दोष कल्पनेत नव्हता; एवढी लहान साखळी परकी म्हणून जिवाणूंतील विकरे तिचे तुकडे करून टाकीत होती. मग तिला बीटा-गॅलॅक्टोसिडेज या जिवाणूच्याच मोठ्या प्रथिनाच्या शेपटाला जोडून, म्हणजे जणू तिला आश्रय देऊन, वाढविले गेले, आणि मागाहून सायनोजेन ब्रोमाइडने नेमक्या जागी तोडून मोकळे केले. ऑगस्टमध्ये संप्रेरक हाती आले. विज्ञानाच्या दृष्टीने ही सिद्धी होतीच. परंतु हिशेबाच्या दृष्टीनेही ती तितकीच मोठी होती, कारण अल्प खर्चात एका महासंशयाचा निकाल लागला होता.

पुढच्या वर्षी, ऑगस्ट १९७८ मध्ये, मानवी इन्शुलिनच्या दोन्ही साखळ्या निरनिराळ्या तयार करून जोडण्यात यश आले, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस अमेरिकेतील इन्शुलिनचा बाजार हाती असलेल्या इलाय लिली कंपनीशी करारनामा झाला. तोवर मधुमेह्यांचे इन्शुलिन गुराडुकरांच्या स्वादुपिंडांतून काढावे लागत असे. या कराराने लिलीने ५ लाख डॉलर आगाऊ दिले, ठरलेले टप्पे गाठले की पुढील रकमा द्यावयाच्या होत्या, आणि माल विकू लागल्यावर विक्रीवर जेनेन्टेकला सहा टक्के व सिटी ऑफ होपला दोन टक्के स्वामित्वशुल्क मिळावयाचे होते. ऑक्टोबर १९८२ मध्ये अमेरिकेत हे इन्शुलिन मान्यता पावले. आज जगातील कोणत्याही जैवतंत्रज्ञान कंपनीचे करार उघडले तर आगाऊ रक्कम, टप्प्यांची बिदागी आणि विक्रीवरील शुल्क या तीन कलमांभोवतीच सारी मसलत फिरताना दिसते. त्या घडणीचा हा एक आद्य आणि ठळक नमुना होय.

१९७८ मध्येच फ्रेड मिडलटन हे जेनेन्टेकचे पहिले अर्थाधिकारी झाले. त्यांच्यापुढची अडचण हिशेबशास्त्राची होती. १९७४ मध्ये ठरलेल्या अमेरिकन नियमांनुसार संशोधनावरचा सारा खर्च त्याच वर्षी खर्चाच्या बाजूस टाकणे बंधनकारक होते; यंत्र घेतले तर ते ताळेबंदात मालमत्ता म्हणून दिसे, ज्ञान मिळविले तर ते केवळ तोटा म्हणून. मिडलटन आणि स्वॉन्सन यांनी दुसऱ्यांसाठी करारावर केलेल्या संशोधनाचे उत्पन्न अशा बेताने आखले की कंपनी औषध नसतानाही अल्पसा नफा दाखवू शकली. जून १९८० मध्ये मूळच्या बंगालच्या आनंद चक्रवर्ती यांच्या जिवाणूसंबंधीच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मानवनिर्मित सजीवाचे एकस्व मान्य केले, आणि अशा कंपनीच्या मिळकतीला कायद्याचे कुंपण लाभले. त्याच वर्षी १४ ऑक्टोबर रोजी जेनेन्टेकचे १० लाख समभाग ३५ डॉलरच्या भावाने जाहीर विक्रीस आले आणि तासाभरात भाव ८८ डॉलरवर गेला. बाजारात एकही औषध नसलेल्या कंपनीवर जनतेने आपली पुंजी लावली होती.

परंतु मानवी चाचण्यांचा खर्च या रकमेनेही भागणारा नव्हता. म्हणून १९८२ मध्ये एक वेगळी भागीदारी उभारण्यात आली. धनिक व्यक्तींनी तीत सुमारे ५ कोटी ५० लाख डॉलर घातले. भागीदारीने जेनेन्टेकला संशोधनाचा मोबदला द्यावयाचा, धनिकांनी त्या खर्चाची आपल्या प्राप्तिकरातून वजावट घ्यावयाची, आणि औषध यशस्वी झाल्यास कंपनीने त्यांचा हक्क विकत घ्यावयाचा. या तजविजीचा पैसा ज्या कामी लागला त्यांत वाढीच्या संप्रेरकाच्या चाचण्या होत्या. ज्या मुलांची वाढ खुंटते त्यांना हे संप्रेरक तोवर मृतांच्या मेंदूतील पीयूषिका ग्रंथींतून काढून दिले जाई. १९८५ च्या वसंतात असे उघडकीस आले की त्या मार्गाने काही रुग्णांच्या शरीरात मेंदूचा एक असाध्य रोग शिरला होता आणि त्याने त्यांचा बळी घेतला. अमेरिकेत त्या संप्रेरकाचे वाटप थांबले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जिवाणूंकडून केलेल्या निर्भेळ संप्रेरकाला मान्यता मिळाली. तीन वर्षांपूर्वी कोणी वजावटीची कलमे आणि हप्त्यांच्या मुदती जुळविल्या नसत्या, तर त्या मुलांना किती काळ ताटकळावे लागले असते, याचा विचार मन गंभीर करतो. १९८६ च्या करसुधारणेने ही सवलत संपली; तोवर तिने आपले काम केले होते.

नुसत्या द्रव्यबळाने हे साधत नाही, याची साक्ष शेजारच्याच सीटस कंपनीने दिली. १९७१ मध्ये स्थापन झालेल्या या कंपनीने १९८१ मध्ये जाहीर विक्रीतून १० कोटींहून अधिक डॉलर उभे केले, म्हणजे जेनेन्टेकच्या जवळजवळ तिप्पट. तिच्यात प्रतिभाही होती. कॅरी मुलिस यांनी डीएनएची असंख्य प्रतिरूपे करण्याची रीत तेथेच शोधली आणि तिच्यासाठी त्यांना १९९३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु साखरेपासून मद्यार्कापर्यंत आणि तेथून कर्करोगापर्यंत तिचे लक्ष विखुरले, आणि शेवटी सारी आशा ज्या इंटरल्यूकिन नावाच्या औषधावर केंद्रित झाली त्याला १९९० मध्ये मान्यता मिळू शकली नाही. त्यानंतर ती डीएनएची रीत ३० कोटी डॉलरला रोश कंपनीकडे गेली आणि सीटस १९९१ मध्ये कायरॉन कंपनीत विलीन झाली. कोठे थांबावे याचा निर्णय वेळीच करणारा अधिकार तिच्या कारभारात दुर्बळ होता, असेच म्हणावे लागते.

या अनुभवाला पुढे गणिताचाही आधार मिळाला. ज्या १९७३ साली कोहेन-बॉयर यांचा निबंध प्रसिद्ध झाला, त्याच साली फिशर ब्लॅक आणि मायरन शोल्स यांनी भविष्यातील हक्काची किंमत ठरविण्याचे सूत्र मांडले. मर्क कंपनीच्या अर्थाधिकारी ज्यूडी ल्यूएंट यांनी पुढे तेच सूत्र संशोधनाला लावले: प्रत्येक टप्प्यावरचा खर्च म्हणजे पुढच्या टप्प्यात शिरण्याचा किंवा न शिरण्याचा हक्क विकत घेणे होय. अर्थाधिकाऱ्याचे स्थानही पालटले. अ‍ॅमजेन कंपनीचे अर्थाधिकारी गॉर्डन बाइंडर १९८८ मध्ये तिचे प्रमुखच झाले.

आपल्याकडेही मुंबईच्या वोखार्ट कंपनीने २००३ मध्ये जनुकीय तंत्राने मानवी इन्शुलिन तयार करून बाजारात आणले. लिलीच्या इन्शुलिनला तोवर वीस वर्षे लोटली होती. जेथे दीर्घ मुदतीच्या जोखमीला हप्त्यांत विभागून धीराने पोसणारे भांडवल नसते, तेथे बुद्धिमान शास्त्रज्ञ असूनही मूळ शोध दुसरीकडे लागतात आणि आपल्या वाट्याला त्यांचे अनुसरण येते. म्हणून जैवतंत्रज्ञानात पुढे जाऊ इच्छिणाऱ्या आपल्या समाजाने प्रयोगशाळांइतकीच या अर्थकारभाराच्या विद्येचीही जोपासना केली पाहिजे. कोणत्या प्रयोगाला आणखी दोन वर्षे द्यावीत आणि कोणता आजच थांबवावा, हे ठरविताना जो माणूस तोट्याच्या आकड्यापलीकडे रोग्याची निकड आणि शास्त्रज्ञाच्या पुराव्याचे वजन या दोहोंकडे सारख्याच सचोटीने पाहतो, तो औषध घडविणाऱ्यांपैकीच एक आहे, आणि त्याच्या शिक्षणाची बेगमी आजपासून करणे हे आपले कर्तव्य आहे.