ॲल्युमिनियमवरचा रंग : कारखान्यातून पडवीपर्यंत



इतिहास म्हटला म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे गड येतात, लढाया येतात, तह येतात. त्या मानाने माझा विषय फारच किरकोळ वाटेल. जुन्या मोटरसायकलचे इंजिन खोलायचे, त्याच्या ॲल्युमिनियमच्या भागांवरचा करपलेला रंग काढायचा आणि नवा चढवायचा, हे काम आज कितीतरी हौशी माणसे पडवीत, गच्चीवर, नाहीतर न्हाणीघरात करतात. काम हाताला वळण लावणारे आहे, आणि मला स्वतःला ते आवडते. परंतु ह्या कामात जो जो डबा उघडला जातो, त्या प्रत्येक डब्यामागे कोठल्या ना कोठल्या कारखान्यातील कामगारांची हकिगत आहे. डबा घरी आला. हकिगत मात्र कारखान्यातच राहिली. ती आज सांगावी म्हणून मी उभा आहे.

प्रथम धातूची ओळख करून घेऊ. आपल्या आयाबाया ज्याला 'जर्मन' म्हणतात तोच हा धातू. १८५५ च्या पॅरिसच्या प्रदर्शनात तो जडजवाहिराच्या मानाने मांडला होता. पुढे १८८६ साली अमेरिकेत हॉल आणि फ्रान्समध्ये एरू, दोघेही विशी नुकतीच ओलांडलेले, एकमेकांना न ओळखता विजेच्या साहाय्याने तो स्वस्तात काढण्याच्या एकाच रीतीवर येऊन पोहोचले. त्यानंतर थोड्याच वर्षांत, १८९८ च्या सुमारास, मद्रासच्या कलाशाळेत आल्फ्रेड चॅटर्टन ह्यांनी त्याची भांडी करविण्यास आरंभ केला. १९०३ साली राइट बंधूंचे विमान उडाले, त्याच्या इंजिनाचे कवच ओतीव ॲल्युमिनियमचे होते. ते इंजिन बांधले चार्ली टेलर ह्या त्यांच्या सायकलदुकानातील मिस्त्रीने, सुमारे सहा आठवड्यांत. राइट बंधू शाळेतल्या मुलांनाही माहीत असतात. टेलरचे नाव विचारून पाहा.

ह्या धातूचा एक स्वभाव आहे. हवा लागताच त्याच्या अंगावर ऑक्साइडचा अत्यंत पातळ पापुद्रा धरतो आणि तोच त्याचे रक्षण करतो. जर्मनच्या पातेल्याला धुण्याचा सोडा लागला की ते काळे पडते, हे स्वयंपाकघरात सर्वांना ठाऊक आहे. कारण हा पापुद्रा आम्लात विरघळतो तसाच क्षारातही विरघळतो. लोखंडी टाकीवरचा रंग काढायला कॉस्टिक सोड्याचे पाणी वापरणारा माणूस तीच युक्ती इंजिनाच्या कव्हरावर करतो, तेव्हा रंगाबरोबर धातूच खाल्ला जातो. पाण्यातून बुडबुडे येतात ते हायड्रोजनचे; जवळ कोणी विडी पेटवली तर भडका उडायला वेळ लागत नाही. दुसरी गोष्ट अशी की, ह्या पापुद्र्यावर साधा रंग धरत नाही. आज लावलेला रंग दोन पावसाळ्यांत पोपडे धरतो. तेव्हा ॲल्युमिनियम रंगवायचे तर आधी त्याचे अंग तयार करावे लागते, आणि ह्या तयारीतच आपली पहिली हकिगत दडलेली आहे.

१९२३ साली इंग्लंडमध्ये बेंगॉ आणि स्ट्युअर्ट ह्यांनी समुद्री विमानांचे भाग खाऱ्या पाण्यात गंजू नयेत म्हणून क्रोमिक आम्लात वीज सोडून त्यांवरचा पापुद्रा जाड करण्याची रीत काढली. मग झिंक क्रोमेटचा हिरवट पिवळा प्रायमर आला; महायुद्धातली विमाने आतून त्याच रंगाची असत. युद्धात सिद्ध झालेली विद्या मोटरसायकलीत आली. १९४८ साली इंग्लंडातील व्हिन्सेंट कंपनीने 'ब्लॅक शॅडो' नावाची गाडी काढली. तिचे इंजिन काळ्या मिन्याचे होते, आणि तो मिना धरावा म्हणून ॲल्युमिनियमला आधी क्रोमेटचा हात दिलेला असे. हौशी लोक त्या इंजिनाकडे आजही देवाच्या मूर्तीकडे पाहावे तसे पाहतात.

हे क्रोमेट येई कोठून? ग्लासगोजवळ रदरग्लेन येथे व्हाईट घराण्याचा क्रोमचा कारखाना होता. क्रोमने माणसाचे काय होते हे काही उशिरा कळले नव्हते. ग्लासगोच्या डॉक्टर क्यूमिन ह्यांनी १८२७ मध्येच क्रोम हाताळणाऱ्यांच्या हातांना पडणाऱ्या खोल क्षतांवर लिहिले होते. मौज अशी की, त्याच लेखात त्यांनी आपल्याकडच्या रुईच्या औषधी गुणांचीही चर्चा केली आहे. क्षत हाताला पडे तसे नाकातही पडे. नाकाचा मधला पडदा झिजून आरपार भोक पडे. दुखत नसल्यामुळे पुष्कळांना ते उशिरा समजे. ह्या कारखान्याचा धनी लॉर्ड ओव्हरटन हा मोठा धर्मशील गृहस्थ. मिशनांना हजारो पौंड देई, रविवार पवित्र पाळावा म्हणून उपदेश करी. १८९९ साली कामगारपुढारी कीर हार्डी ह्यांनी आपल्या पत्रातून जाहीर केले की, ह्याच्या कारखान्यात माणसे दिवसाचे बारा तास, आठवड्याचे सातही दिवस, जेवणाच्या सुटीवाचून, तासाला तीन-चार पेन्सांवर राबतात. हेच हार्डी पुढे १९०७ साली हिंदुस्थानात येऊन गेले. त्या लिखाणाने गावात मोठी खळबळ उडाली आणि काही सुधारणा कराव्या लागल्या. पण क्रोमच्या कारखान्यांतील कामगारांना फुप्फुसाचा कर्करोग फार मोठ्या प्रमाणात होतो, हे अमेरिकेत आकड्यांनिशी प्रसिद्ध व्हायला १९४८ साल उजाडले. म्हणजे ज्या वर्षी ती काळी मोटरसायकल बाजारात आली, तेच वर्ष. आपल्या देशाचा कारखाना कायदाही १९४८ चाच. त्याच्या तिसऱ्या परिशिष्टात सरकारला कळवणे बंधनकारक असलेल्या रोगांची यादी होती, आणि तीत क्रोमची क्षते नावानिशी होती. १९९० साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सहा संयुजेच्या क्रोमियमला माणसात निश्चित कर्करोग करणाऱ्या द्रव्यांत घातले. जुन्या इंजिनाचा पिवळा किंवा हिरवट थर कोरड्या पॉलिश पेपरने घासताना जी धूळ उडते, तिच्यात हे सगळे आहे.

आता दुसरा डबा. रंग काढण्याचा. दुसऱ्या महायुद्धानंतर डायक्लोरोमिथेन, म्हणजे दुकानात ज्याला मेथिलीन क्लोराइड म्हणतात ते, घातलेले रिमूव्हर घरोघर पसरले. ॲल्युमिनियमच्या दृष्टीने हे औषध अगदी सोयीचे. ते रंगाखाली शिरते, रंग फुगवते, पापडासारखा वर उचलते आणि धातूला धक्का लावत नाही. पेट सहसा घेत नाही, म्हणून त्याला निर्धोकही समजत. पण ते उकळते ४० अंशांवर. आपल्या उन्हाळ्यात डबा उघडताच त्याची वाफ होऊ लागते. ही वाफ हवेच्या जवळजवळ तिप्पट जड असते. ती वर जात नाही. खड्ड्यात, तळघरात, न्हाणीघराच्या जमिनीवर साचून राहते, आणि माणूस नेमका खाली बसून काम करीत असतो. प्रथम गुंगी येते, मग शुद्ध जाते.

एवढ्यावर भागत नाही. १९७२ साली असे दिसून आले की, शरीर ह्या द्रव्याचा कार्बन मोनॉक्साइड करते, म्हणजे बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवल्यावर माणसे ज्याने मरतात तोच वायू. तो बाहेरून नाकात शिरत नाही. आतल्या आत तयार होतो, आणि काम थांबवल्यावरही काही तास तयार होत राहतो. १९७६ साली एका अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात एका सेवानिवृत्त माणसाची हकिगत प्रसिद्ध झाली. घराच्या तळघरात तो लाकडी सामानाचा रंग काढीत होता. तेथून वर आला आणि हृदयविकाराचा झटका आला. बरा झाल्यावर राहिलेले काम पुरे करायला पुन्हा खाली गेला, पुन्हा झटका. तिसऱ्या वेळी तो गेला. हे काम आणि तो झटका ह्यांचा काही संबंध असेल, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते.

१९८५ साली जनावरांवरच्या प्रयोगांत ह्या द्रव्याने कर्करोग होतो असे दिसताच अमेरिकेतील मोटार कामगारांच्या संघटनेने सरकारकडे अर्ज केला, की कामगारांना तातडीने इशारा द्या आणि मर्यादा खाली आणा. तातडीचा हुकूम काढण्याची मागणी नाकारली गेली. चौकश्या झाल्या, सुनावण्या झाल्या, आणि १९९७ साली, बारा वर्षांनी, हवेतील मर्यादा दशलक्ष भागांत ५०० वरून २५ वर आली. एक लक्षात घ्या, साधारण माणसाला ह्याचा वास येतो तो दोनअडीचशे भागांच्या आसपास. म्हणजे वास आला तेव्हा मर्यादा आठ-दहा पटींनी ओलांडलेली असते. आम्ही संघटनेत काम करणारी माणसे अशा आकड्यांवर वर्षानुवर्षे भांडतो. बाहेरच्यांना ते कंटाळवाणे वाटते.

आणि हा नियम कारखान्यापुरता. तोच डबा दुकानात कोणालाही मिळत राहिला. २००० ते २०११ ह्या काळात अमेरिकेत न्हाणीघरातील टबांचा जुना लेप काढताना निदान तेरा कामगार ह्याच द्रव्याने मेले. बहुतेक एकेकटे काम करणारे. ना संघटना, ना तपासनीस. युरोपीय संघाने २००९ साली निर्णय घेऊन सामान्य गिऱ्हाइकाला ते विकणे बंद केले. अमेरिकेत गेलेल्यांच्या आईबापांनी दुकानांच्या दारांत जाऊन मोहीम केली, तेव्हा २०१९ साली घरगुती वापरासाठी विक्री थांबली. आणि २०२४ च्या नियमाने कारखान्यांतील बहुतेक वापरही बंद करण्याचे ठरले. कामगारांच्या त्या अर्जापासून घरातला डबा जायला चौतीस वर्षे लागली.

ज्यांना रसायन नको असते ते वाळूचा मारा करतात. त्या यंत्राचा शोध १८७० चा, टिल्घमन नावाच्या अमेरिकनाचा. ह्या वाळूच्या धुळीने फुप्फुसे दगडासारखी होतात, म्हणून ब्रिटनने १९४९ च्या नियमांनी ओतीव कामावर वाळूचा मारा बंदच केला. आज काचेचे मणी वापरतात ते त्यामुळे. त्यातही इंजिनवाल्याला एक वेगळाच दंड बसतो. तेलाच्या बारीक भोकांत चार मणी अडकून राहिले, तर जोडलेले इंजिन काही किलोमीटरांत बेअरिंग खाते. आणि पॉलिशची गोष्ट तर निराळीच. चकाकणारे ॲल्युमिनियम सर्वांत निरुपद्रवी दिसते. पण त्याची बारीक धूळ हवेत तरंगली की ती दारूगोळाच होते. चीनमधील कुन्शान येथे मोटारीची चाके घासून चकचकीत करण्याच्या कारखान्यात २ ऑगस्ट २०१४ रोजी अशा धुळीचा स्फोट झाला. त्या दिवशी ७५ माणसे गेली आणि पुढे तो आकडा १४६ वर पोहोचला.

आता आपल्याकडे येऊ. 'बुलेट' १९५५ पासून मद्रासला तयार होऊ लागली. तिचे हेड आणि क्रँककेस ॲल्युमिनियमचे. पुढे आकुर्डी-चाकणच्या पट्ट्यात दुचाकींचा धंदा वाढला तशी ही विद्या हजारो हातांत गेली. माझ्या परिचयाचे कित्येक जण पाळी संपवून घरी येतात आणि जोडधंदा म्हणून जुनी इंजिने रंगवतात. कारखान्यात ह्याच माणसाला मुखवटा मिळतो, हवा खेचणारा पंखा मिळतो. निदान त्यासाठी भांडता येते. घरी त्याच्या नाकाला पंचा असतो. १९४८ च्या कायद्याने विजेवर चालणाऱ्या जागेत दहा माणसे असली म्हणजे कारखाना मानला. २०२० साली संसदेने संमत केलेल्या संहितेने ती संख्या वीसवर नेली. पडवीत तर माणूस एकटा, फार तर हाताशी मुलगा. तो मोजणीतच येत नाही.

रंगाच्या डब्यांचेही तसेच. हार्डनर मिसळून लावण्याचे जे टिकाऊ रंग आज मिळतात त्यांत आयसोसायनेट असते. भोपाळमध्ये १९८४ साली सुटलेला वायू ह्याच रासायनिक कुळातला. हार्डनरमधले द्रव्य त्या वायूइतके उडते नाही, परंतु फवाऱ्यातून ते श्वासात गेले की पुष्कळ रंगाऱ्यांना कायमचा दमा जडतो, आणि एकदा जडला की पुढे अगदी थोड्या वासानेही उठतो. साध्या कापडी मुखवट्याने तो थांबत नाही.

डायक्लोरोमिथेन गेल्यावर त्याच्या जागी काही ठिकाणी एनएमपी नावाचे द्रव्य आले. ते सुरक्षित म्हणून विकले गेले. मग कळले की ते गर्भाला अपाय करते, आणि २०१८ साली युरोपने त्यावरही निर्बंध घातले. ह्यांशिवाय बेंझिल अल्कोहोलचे रिमूव्हर मिळते. ते फार सावकाश काम करते, म्हणून विकणाऱ्यालाही त्याचे कौतुक नसते आणि घेणाऱ्यालाही. हातमोजे घालून रात्री जाड थर द्यायचा, वर प्लॅस्टिकचा कागद झाकायचा आणि उघड्या गच्चीवर ठेवून झोपी जायचे. सकाळी लाकडी पट्टीने फुगलेला रंग काढायचा, धूळ उडू नये म्हणून उरलेले पाण्याखाली ओल्या कागदाने घासायचे, भोके बुचांनी बंद ठेवायची. पंखांच्या खाचांत रंग राहतोच. तेथे दुसरी रात्र लागते, कधी तिसरी.