खेळण्याच्या तळाशी लिहिलेला इतिहास

मुंबईचा चोर बाजार असो, पुण्याचा जुना बाजार असो की अहमदाबादची गुजरी. चावीची पत्र्याची मोटार हाती आली की जाणकार मनुष्य आधी ती उलटी करतो. रंगरूप नंतर, तळाचा शिक्का आधी! कारण त्या दोन-तीन शब्दांत जगाचे राजकारण दडलेले असते.

परदेशी माल ब्रिटिश म्हणून खपवला जाऊ नये यासाठी ब्रिटनने १८८७ साली कायदा केला. त्यातून ‘मेड इन जर्मनी’ हा शिक्का रूढ झाला. हलक्या मालाची खूण म्हणून आलेले हे शब्द पुढे उत्तम मालाची ग्वाही ठरले. न्यूरेंबर्ग शहराची पत्र्याची खेळणी तर जगभर गेली.

दुसऱ्या महायुद्धात जर्मनी आणि जपान हरले. मग अमेरिकेच्या ताब्यातील जर्मन भागातून येणाऱ्या खेळण्यांवर ‘यू.एस. झोन जर्मनी’, तर जपानी खेळण्यांवर ‘ऑक्युपाइड जपान’, म्हणजे व्याप्त जपान, असे छापले जाऊ लागले. २८ एप्रिल १९५२ रोजी जपान पुन्हा सार्वभौम झाला आणि तो शिक्का इतिहासजमा झाला. एका पराभूत राष्ट्राची कहाणी मुलांच्या खेळण्यावर अशी कोरली गेली.

वाचकहो, दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरचे जुने खेळणे भंगारात देण्यापूर्वी एकदा उलटून जरूर पाहा. शिक्का दिसला तर घासू नका, नवा रंग देऊ नका. जुन्या रंगात शिसे असू शकते, म्हणून ते लहानग्यांच्या हाती मात्र देऊ नये. शिक्का पुसला की खेळणे उरते, पण त्याची साक्ष जाते.