फरशीखालचा घोडा

आयर्लंडच्या पश्चिमेला क्लेअर परगण्यात शेजारीपाजारी रात्री कुणा एकाच्या घरी जमत आणि चुलीपुढे नाचत. चार जोड्यांचा तो ‘सेट’ फ्रेंच क्वाड्रिलचा वंशज. एकोणिसाव्या शतकात आला नि आयरिश चालींवर रुळला. त्याबद्दल एवढं पुरे. मी अडकलो तो जमिनीपाशी. ज्या फरशीवर नाचायचं तिच्याखाली आयर्लंडात कित्येक घरी घोड्याची कवटी पुरलेली असे.

लोकसाहित्य आयोगाचे शॉन ओ सूलावॉन यांनी १९४५ साली अशा नोंदी छापल्या. घरमालक सांगत, पावलांचा आवाज खणखणीत येतो म्हणून पुरली. सूलावॉनना हे मागाहून जोडलेलं कारण वाटलं. मुळात हा घराच्या पायात द्यायचा बळी. १९४९ मध्ये स्वीडनचे आल्बर्ट सांडक्लेफ नेमकं उलट म्हणाले: तिकडे कवट्या मळणीच्या जागेखाली मिळतात, आणि दांडक्यांचे ठोके दूरवर घुमावेत एवढाच त्यांचा हेतू.

मी सांडक्लेफच्या पक्षाचा. क्लेअरच्या नाचात टाचा-चवडे जमिनीवर आपटून ताल धरतात. नाचणाराच अर्धा वादक. ठासलेल्या मातीवर बसवलेली फरशी मुकी राहते. तिच्याखाली पोकळी हवी, तंबोऱ्याला भोपळा हवा तशी. कवटीऐवजी जुनं लोखंडी भांडं पुरल्याचंही सांगतात. भांड्याचा बळी कोण देतो?

मग घोडाच का, बैल का नाही? इथे सूलावॉनचं पारडं जड होतं, कारण घोड्याभोवती जुन्या श्रद्धांचं जाळं आहेच. माझा अंदाज साधा आहे: घोड्याचं मांस तिथे खात नसत, म्हणून मेलेल्या घोड्याचं डोकं अखंड हाती लागे.

हे नाच घरांतून गेले कसे? १९३५च्या आयरिश कायद्याने सार्वजनिक नाचाला न्यायालयाचा परवाना सक्तीचा झाला. कायदा घरांसाठी नव्हता; पण पाद्री आणि पोलीस त्याच्या जोरावर घरातले नाचही मोडू लागले. मग स्थलांतर, सिमेंटच्या जमिनी, आणि १९६१च्या अखेरीस आलेलं आयरिश दूरदर्शन. नाच हॉलमध्ये गेला, फरशी घरीच राहिली.

कवट्यांचा वाद मात्र उरतोच. बळीवाल्यांना एकच विचारायचंय. इंग्लंडमध्ये एल्सडनच्या चर्चमध्ये १८७७ साली घोड्याच्या तीन कवट्या मिळाल्या, त्या वर घंटेच्या मनोऱ्यात. पायाचा बळी इतक्या उंचावर कसा चढला?