एक पोलादी पंजा आणि शिकाऱ्यांचा कौल

अमेरिकेतल्या जुन्या बंदुकांच्या दुकानात विंचेस्टर कंपनीची ‘मॉडेल ७०’ हाती आली, की जाणते गिऱ्हाईक आधी नळीत डोकावत नाही, खांद्याला लावून नेमही धरत नाही. ते रायफल कुशीवर वळवते आणि पोलादावर कोरलेला क्रमांक वाचते. आकडा सात लाखांच्या खाली असेल तर दुकानदार भावात फारसा हलणार नाही, हे दोघांनाही ठाऊक असते. सात लाखांच्या वर असेल तर घासाघीस सुरू. नाव तेच, कारखाना तोच, काडतूसही तेच. दोन्ही रायफलींनी मारलेले हरीण सारखेच पडते. तरीही मालकांनी १९६४ या वर्षावर ओढलेली रेघ साठ वर्षांत पुसली गेलेली नाही. ती का पडली हे समजून घ्यायचे, तर आपल्याला बरेच मागे, जर्मनीतल्या झ्योमर्डा गावच्या एका कुलूपवाल्याच्या मुलापर्यंत जावे लागते.

योहान निकोलाउस ड्रायझे १७८७ साली जन्मला. तरुणपणी तो पॅरिसला झाँ सॅम्युएल पॉली या स्विस कारागिराच्या हाताखाली राहिला. या पॉलीने १८१२ मध्येच मागून भरायच्या बंदुकीचे पेटंट घेतले होते, पण त्याचे नाव आज बंदुकांच्या इतिहासात रस असलेल्या मोजक्या मंडळींनाच माहीत आहे. जग तेव्हा ठासणीच्या बंदुकीचे होते. तोंडातून दारू ओतायची, गोळी घालायची, गजाने ठासायची, आणि हे सारे उभ्याने. ड्रायझे गावी परतला आणि अनेक वर्षांच्या खटपटीनंतर त्याने नळीच्या मागच्या टोकाला दाराच्या कडीसारखा सरकणारा दांडा, म्हणजेच बोल्ट, बसवला. मूठ उचलायची, मागे ओढायची, कागदी काडतूस ठेवायचे, पुढे ढकलून मूठ खाली पाडायची. चाप ओढला की एक लांब सुई काडतुसाचा कागद आणि दारू भेदून गोळीच्या बुडाशी असलेल्या स्फोटकावर आदळे. प्रशियाच्या राजाने १८४० च्या डिसेंबरात अशा ६०,००० बंदुकांची मागणी नोंदवली, आणि गुपित फुटू नये म्हणून कागदोपत्री तिचे नाव ‘हलकी टोपीची बंदूक, नमुना १८४१’ असे ठेवले. गुपित काही कायम राहिले नाही. ३ जुलै १८६६ रोजी क्योनिगग्रेट्झच्या लढाईत ऑस्ट्रियाचे सैनिक उभे राहून ठासत होते आणि प्रशियाचे सैनिक पडल्या पडल्या भरत होते. निकाल काय लागला ते साऱ्या युरोपने पाहिले. पण सुई जळून तुटे, जोडातून निसटलेला जाळ शिपायाच्या तोंडावर येई, म्हणून पुष्कळजण बंदूक कमरेशी धरूनच बार काढीत.

हे दोष ज्यांच्या डोळ्यांत सलत होते ते दोन भाऊ व्युर्टेम्बर्गमधल्या ओबर्नडॉर्फ गावचे होते. तिथल्या जुन्या ऑगस्टिनियन मठात राज्याचा बंदुकांचा कारखाना होता आणि बाप त्यातच कामाला. तेरा मुलांतला धाकटा पाउल माउझर, जन्म १८३८. त्याच्याहून चार वर्षांनी मोठा विल्हेल्म. पाउलची बुद्धी कानशीत, विल्हेल्मची जिभेत. एक घडवायचा, दुसरा विकायचा. घरच्या दरबाराने त्यांना दाद दिली नाही. दाद दिली सॅम्युएल नॉरिस या अमेरिकन माणसाने, जो रेमिंग्टन कंपनीचा युरोपातला प्रतिनिधी होता. त्याने १८६७ मध्ये दोघांना बेल्जियममधल्या लिएजला नेले, आणि माउझर हे नाव ज्यावर आहे असे पहिले पेटंट निघाले ते जर्मनीत नव्हे तर अमेरिकेत, २ जून १८६८ रोजी. नॉरिसशी झालेला व्यवहार टिकला नाही, भाऊ रिकाम्या हातांनी घरी आले, पण थोड्याच वर्षांत प्रशियाने त्यांची १८७१ च्या नमुन्याची रायफल स्वीकारली. लिएज हे नाव आपण लक्षात ठेवू. शंभराहून अधिक वर्षांनंतर त्याच परिसराची एक कंपनी या हकिकतीत पुन्हा येणार आहे.

विल्हेल्म १८८२ मध्ये वारला. दोनच वर्षांनी फ्रान्समध्ये पॉल व्येई याने धूर न करणारी दारू शोधली आणि सगळ्या जुन्या बंदुका एका रात्रीत म्हाताऱ्या झाल्या. काडतूस आधीच पितळेचे झाले होते; आता गोळी बारीक झाली, वेग वाढला आणि एकामागून एक काडतुसे आपोआप वर येतील अशी पेटी रायफलीच्या पोटात गेली. इथे एक नवी अडचण उभी राहिली. शिपायाने घाबरून बोल्ट अर्धाच पुढे नेला आणि पुन्हा मागे ओढला, तर पहिले काडतूस नळीच्या तोंडाशीच राही. पुढच्या झटक्याला दुसरे त्याच्या पाठीत घुसे आणि रायफल अडकून बसे. पाउल माउझरने १८९२ मध्ये यावर जो तोडगा काढला तोच आपला पंजा. बोल्टच्या उजव्या कुशीला स्प्रिंगच्या पोलादाची एक लांब पट्टी, बोल्टभोवतीच्या कड्यात अडकवलेली. बोल्ट फिरतो, पट्टी फिरत नाही. तिच्या टोकाला रुंद नखी. काडतूस पेटीतून वर येते तेव्हाच त्याच्या बुडाजवळची खाच या नखीखाली सरकते आणि तिथून ते बोल्टच्या ताब्यात जाते. मग रायफल तिरपी धरा, उलटी धरा, बोल्ट अर्ध्यावरून परत घ्या. काडतूस हात सोडत नाही आणि दुसऱ्याला वर यायला जागाच राहत नाही. बार झाल्यावर फुगून नळीला चिकटलेले नळकांडेही ही रुंद पकड ओढून काढते. १८९८ मध्ये जर्मन सैन्याने घेतलेल्या रायफलीत पाउलने बोल्टला मागच्या बाजूस तिसरा खिळा जोडला, फुटलेल्या काडतुसाचा वायू डोळ्यांपासून दूर वळवला आणि काम पुरे केले. त्यानंतरच्या सव्वाशे वर्षांत बोल्ट-ॲक्शनमध्ये मुळापासून नवे असे फार थोडे घडले, असे माझे मत आहे. खुद्द पाउलने १९०१ मध्ये स्वयंचलित रायफलीची चाचणी घेताना डावा डोळा गमावला.

लढाईचे हे हत्यार शिकाऱ्यांच्या हाती कसे गेले? लंडनच्या जॉन रिग्बी या जुन्या पेढीमार्फत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रिग्बीने ब्रिटनसाठी माउझरची एजन्सी घेतली. ओबर्नडॉर्फहून ॲक्शन, म्हणजे बोल्ट आणि त्याभोवतीचा सांगाडा, यायची. लंडनमध्ये तिला नळी, अक्रोडाचा दस्ता आणि माशी बसायची. तोवर हिंदुस्थानात आणि आफ्रिकेत वाघ-हत्तीच्या शिकारीला दुनळी रायफल हीच प्रतिष्ठेची मानली जाई, पण तिच्या दोन नळ्या एकाच बिंदूवर मार करतील अशा जुळवणे हे महिन्यांचे काम आणि किंमत राजेरजवाड्यांना परवडणारी. माउझरच्या पोटात चार-पाच काडतुसे मावत, नेम सरस, आणि जंगलखात्याच्या अधिकाऱ्यालाही ती झेपे. हिंदुस्थानच्या उन्हात कॉर्डाइट दारूचा दाब वाढून नळकांडी चिकटत. तिथे पंजाची पकड कामी आली. रिग्बीने १९११ मध्ये .४१६ हे जाड काडतूस काढले तेव्हा दाब मुद्दाम कमी ठेवला, तोही याच अनुभवावरून.

मराठी वाचकाला रिग्बी हे नाव ठाऊक असते ते जिम कॉर्बेटमुळे. १९०७ मध्ये त्याने कुमाऊँतली चंपावतची नरभक्षक वाघीण मारली. तिच्या नावावर ४३६ बळी लावले जातात. त्या वेळी त्याच्याकडे दुनळी रायफल आणि तीनच काडतुसे होती. ती संपली तेव्हा तहसीलदाराची बंदूक घेऊन त्याने शेवट केला. संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्युएट यांनी या कामगिरीबद्दल त्याला .२७५ ची रिग्बी दिली आणि दस्त्यावर तसा उल्लेख असलेली पट्टी जडवली. माउझरचीच ॲक्शन, माउझरचेच सात मिलिमीटरचे काडतूस, नाव तेवढे इंग्रजी मापाचे. कॉर्बेटने १९४७ मध्ये हिंदुस्थान सोडल्यावर ती त्याच्या प्रकाशकांकडे, ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसकडे गेली आणि २०१५ मध्ये रिग्बीने ती परत मिळवली. एका शिकाऱ्याच्या पसंतीने एखाद्या काडतुसाची पुण्याई किती वाढते याचे याहून चांगले उदाहरण मला सापडलेले नाही.

आता आपण अटलांटिक ओलांडू. १ जुलै १८९८ रोजी क्यूबातल्या सान हुआन टेकडीवर मूठभर स्पॅनिश सैनिकांनी माउझर रायफलींच्या जोरावर हजारो अमेरिकनांना बराच वेळ रोखून धरले. अमेरिकेने धडा घेतला आणि १९०३ मध्ये स्वतःची स्प्रिंगफील्ड रायफल काढली. ती माउझरशी इतकी मिळतीजुळती होती, की सरकारला पाउल माउझरला एकूण २,००,००० डॉलर द्यावे लागले. सैनिकी स्प्रिंगफील्डला शिकारी दस्ता चढवून घेण्याची टूम निघाली. थिओडोर रूझवेल्ट १९०९ मध्ये आफ्रिकेला गेले तेव्हा तशी एक रायफल त्यांच्या सामानात होती. विंचेस्टरने हा कल ओळखून १९२५ मध्ये ‘मॉडेल ५४’ काढले, आणि त्यातल्या खोडी काढून १९३६ मध्ये ‘मॉडेल ७०’. पंजा माउझरचा. नळीच्या मागच्या तोंडाची उतरती कड स्प्रिंगफील्डची, त्यामुळे काडतूस अडखळत नाही. घोड्याला तीन जागी रोखणारा खटका, साधा आणि कधीही दगा न देणारा चाप, दस्त्यावर हाताने कोरलेली चौकट. सुरुवातीची किंमत ६१.२५ डॉलर. जॅक ओ’कॉनरसारख्या लेखकाने ‘आउटडोअर लाइफ’ मासिकातून .२७० काडतुसाच्या मॉडेल ७० चे गुण इतकी वर्षे गायले, की या रायफलीला ‘रायफलवाल्यांची रायफल’ हे जाहिरातीतले बिरूद शोभू लागले.

मग हिशेबनीस आले. घडीव पोलादाचा ठोकळा यंत्रावर तासून पंजाची ॲक्शन करायला कामगारांचे तास फार लागत आणि युद्धानंतर मजुरी चढत गेली. रेमिंग्टनने १९४८ पासून पंजा वगळून गोल, स्वस्त ॲक्शन बनवायला घेतली होती आणि १९६२ मध्ये तिची ‘मॉडेल ७००’ बाजारात आली. विंचेस्टरने १९६४ मध्ये तोच रस्ता धरला. पंजा गेला, बोल्टच्या तोंडात एक छोटी आकडी आली, जी काडतूस नळीत पूर्ण बसल्यावरच त्याला धरते. दस्त्यावरची नक्षी कोरण्याऐवजी दाबून उठवली. नळी आणि लाकूड यांच्यात डोळ्यांत भरेल एवढी फट राहिली. जुन्या रायफली सुमारे ५,८०,००० निघाल्या होत्या. नव्यांचे क्रमांक कंपनीने सरळ सात लाखांपासून सुरू केले आणि मालकांच्या हाती आयतीच खूण दिली. ओ’कॉनरने नाराजी लपवली नाही. मालकांनी तर नव्या रायफलीचे नावच घ्यायचे सोडले. जुनीला ते ‘प्री-सिक्स्टीफोर’ म्हणू लागले आणि जुनीचे भाव चढू लागले.

मालकांचा हा कौल बरोबर होता का? माझ्या मते अर्धा. नव्या ॲक्शनच्या बोल्टचे तोंड काडतुसाच्या बुडाला चहूबाजूंनी वेढते, म्हणून ती काही बाबतींत जास्त मजबूत आहे, आणि नेमात ती जुनीहून कमी नाही. पन्नाशीच्या अखेरच्या वर्षांतल्या पुष्कळ जुन्या मॉडेल ७० वर घाईने केलेल्या कामाच्या खुणा दिसतात, त्याकडे भक्त काणाडोळा करतात. हरणामागे जाणाऱ्याला पंजाची गरज आयुष्यात एकदाही पडणार नाही. पण अंगावर येणारा केप म्हैसा वीस पावलांवर असताना हात थरथरत दुसरे काडतूस भरणाऱ्याला ती पडते, आणि रायफल निवडताना शिकारी नेहमी त्या एका घटकेचा विचार करतो. शिवाय लोकांचा राग एकट्या पंजासाठी नव्हता. आपल्याला न विचारता, न सांगता हलका माल जुन्या नावाखाली दिला, हा तो राग होता. तो मला पूर्ण रास्त वाटतो.

त्या रागातूनच पुढची पिढी जन्मली. डॉन ॲलन नावाच्या दस्ते कोरणाऱ्या कारागिराने साउथ डकोटात जुन्या मॉडेल ७० च्या धर्तीवर ‘डकोटा ७६’ काढली, ती मूळ रायफलीच्या कितीतरी पट किमतीला, आणि गिऱ्हाईक मिळाले. शेवटी १९९२ मध्ये विंचेस्टरनेही ‘क्लासिक’ या नावाने पंजा परत आणला. कारखान्याची प्रकृती मात्र सुधारली नाही. २००६ मध्ये न्यू हेवन इथल्या त्या कारखान्याचा दरवाजा बंद झाला. मॉडेल ७० ला पुन्हा उभे केले ते लिएजलगतच्या हेर्स्टाल गावच्या एफएन कंपनीने, आधी साउथ कॅरोलायनात आणि पुढे जुळणी पोर्तुगालला नेऊन. ही एफएन १८८९ मध्ये स्थापन झाली होती ती बेल्जियमच्या सैन्याला १,५०,००० माउझर रायफली पुरवण्यासाठी! नव्या मॉडेल ७० मध्ये पंजा आहे. तिकडे रिग्बी २०१३ मध्ये माउझरच्याच मालकांच्या हाती गेली आणि लंडनमध्ये पुन्हा माउझरच्या ॲक्शनवर .२७५ च्या रायफली बनू लागल्या.

आपल्याकडे शिकारीची वाट १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संपली, आणि ती संपली हे योग्यच झाले. जुन्या संस्थानी घरांत, वकील-इनामदारांच्या वाड्यांत एखादी रिग्बी, एखादी माउझर किंवा सरकारी कारखान्याची .३१५ परवान्यावर कपाटात उभी असते. अमेरिकन मालकांचे बरेवाईट बोल मासिकांतून छापले गेले, म्हणून १९६४ ची हकिकत आज तारखांसह सांगता येते. आपल्या शिकाऱ्यांची मते ओसरीवरच्या गप्पांत राहिली: कोणती रायफल पावसाळ्यात अडकायची, कोणत्या काडतुसाचे नळकांडे उन्हाळ्यात निघायचे नाही, हाक्याच्या वेळी दुनळी बरी की माउझर. ज्यांनी कायद्याआधी ही हत्यारे वापरली ती माणसे आता सत्तरी-ऐंशीच्या पुढे आहेत. ज्यांच्या घरात असे कोणी असेल त्यांनी त्यांच्याशेजारी वही घेऊन बसावे आणि ते काय सांगतात ते रायफलीचा क्रमांक आणि साल यांसकट उतरवून घ्यावे.