पुठ्ठ्याची गिटार आणि माझी अठरा हजारांची

ज्यांना आत्ता लोकलमध्ये हेडफोन सापडत नाहीयेत, त्यांच्यासाठी हे या एपिसोडचं लिखित रूप. ऑडिओत मी मध्ये मध्ये गिटार वाजवून दाखवली आहे, ते तुकडे इथे नाहीत. बाकी जवळपास सगळं आहे.

मागच्या वर्षी माझ्या मोबाइलवर ईएमआयचं एक पान आठवडाभर उघडं होतं. सव्वा लाखाची गिटार, बारा हप्ते. माझ्याकडे आधीच एक होती, पहिल्या नोकरीच्या दुसऱ्या पगारातून घेतलेली, अठरा हजारांची, सॉलिड टॉप. सॉलिड टॉप म्हणजे गिटारचा पुढचा पत्रा प्लायवुडचा नाही, तर सलग लाकडाचा. सतार-तानपुऱ्यात ज्याला आपण तबली म्हणतो, तोच भाग. मी पुढेही तबलीच म्हणणार आहे, कारण इतका चांगला शब्द आपल्याकडे असताना टॉप-टॉप करत बसायचं कशाला?

तर या गिटारचा आवाज मला डबा वाटायला लागला होता. दुकानदाराचं म्हणणं होतं की मागची बाजू रोझवुडची घेतली तर सगळा फरक पडेल. सव्वा लाख त्या मागच्या बाजूचे होते. हप्ता सुरू करण्याआधी मी वाचायला बसलो, आणि पोचलो थेट 1862 सालच्या स्पेनमध्ये.

अंतोनिओ दे तोर्रेस. जन्म 1817, दक्षिण स्पेनमधल्या आल्मेरियाजवळ. बाराव्या वर्षी सुतारकाम शिकायला लागलेला मुलगा, पुढे सेव्हिलमध्ये गिटारी बनवू लागला. आज ज्याला आपण क्लासिकल गिटार म्हणतो तिचा आकार, तारेची लांबी, पोट केवढं असावं, हे सगळं बऱ्याच अंशी या माणसाने पक्कं केलं. पण मला त्याच्यातला इंजिनियर आवडतो. त्याचं म्हणणं होतं की गिटारचा आवाज तबलीतून येतो, मागच्या आणि बाजूच्या लाकडाचा वाटा कमी. आता असं म्हणणारे दहा जण भेटतात. तोर्रेसने टेस्ट केस लिहिली. 1862 मध्ये त्याने एक गिटार बनवली. तबली नेहमीसारखी स्प्रूसची, खालून पट्ट्या लावलेली, आणि मागची बाजू व कडा चक्क पुठ्ठ्याच्या. एक गोष्ट बदला, बाकी सगळं तसंच ठेवा आणि बघा काय होतं. आपण कोड डीबग करताना हेच करतो, किंवा करायला हवं.

ती गिटार आज बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. वाजवण्याच्या स्थितीत नाही, पण दीडशे वर्षांनंतरही पुठ्ठा शाबूत आहे हे काय कमी आहे?

यावर असं वाटेल की माणसाने सिद्ध करून दाखवलं, मग लोकांनी डोक्यावर घेतलं असेल. फ्रान्सिस्को तारेगासारख्या मोठ्या वादकाने त्याची 1864 ची गिटार घेतली होती, म्हणजे नाव होतंच. तरी 1870 च्या आसपास तोर्रेसने सेव्हिलमधलं काम बंद केलं, गावाकडे परतला आणि बायकोबरोबर चिनी मातीच्या भांड्यांचं दुकान टाकलं. कपबशा विकल्या. काही वर्षांनी पुन्हा गिटारी बनवायला लागला आणि आतल्या लेबलवर स्वतःच लिहू लागला, दुसरा कालखंड. 1892 मध्ये गेला. मला या दुकानाच्या गोष्टीपाशी दर वेळी थांबावंसं वाटतं. ज्याची नक्कल पुढे सगळं जग करणार होतं, त्याचं घर त्यावर चालत नव्हतं.

त्याच्या ओळखीच्या एका पाद्र्याने बऱ्याच वर्षांनी पत्रात एक आठवण लिहून ठेवली आहे. तोर्रेसला त्याचं गुपित विचारलं, तेव्हा त्याने अंगठा आणि तर्जनी दाखवली. तबली किती पातळ करायची ते या दोन बोटांना कळतं, ते दुसऱ्याला देता येत नाही, अशा अर्थाचं तो म्हणाला.

यातलं भौतिकशास्त्र फार अवघड नाही. स्टीलच्या तारांच्या गिटारवर साध्या लाइट सेटचा एकूण ताण 70 किलोच्या वर जातो. तो सोसणारी तबली साधारण अडीच-तीन मिलिमीटर जाड असते आणि पट्ट्या सोडल्या तर तिचं वजन दोनशे ग्रॅमच्या आसपास भरतं. ती इतकी कडक हवी की 70 किलोंनी दुमडू नये, आणि इतकी हलकी हवी की बोटाच्या एका टिचकीने थरथरावी. स्प्रूस यासाठीच आवडतं. ते हलकं असून रेषांच्या दिशेने आडव्यापेक्षा दहापटीहून जास्त कडक असतं. प्लायवुडमध्ये थर एकमेकांना काटकोनात चिकटवतात, त्यामुळे हा गुण बराचसा मारला जातो. मोबदल्यात तडे जात नाहीत. हा फायदा लहान नाही, त्याबद्दल पुढे बोलतो.

अमेरिकेत याच सुमारास दुसरी वाट चालू होती. जर्मनीतून 1833 मध्ये न्यूयॉर्कला आलेल्या मार्टिन नावाच्या कारागिराच्या कारखान्यात 1840 च्या दशकात तबलीखाली इंग्रजी एक्सच्या आकारात पट्ट्या लावायला सुरुवात झाली. तेव्हा तारा आतड्याच्या होत्या, त्यामुळे एवढ्या मजबुतीची तशी गरजही नव्हती. 1920 च्या दशकात स्टीलच्या तारा रूढ झाल्या आणि हा जुना एक्स आयता कामी आला. तुमच्या-माझ्या गिटारमध्ये आज तोच आहे. आवाजाच्या भोकातून मोबाइलचा कॅमेरा आत घालून बघा, दिसेल.

मग स्वस्ताई आली. 1966 मध्ये यामाहाने जपानमध्ये एफजी 180 काढली, तबलीसकट प्लायवुडची. तिला नाक मुरडणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं की 1969 च्या वूडस्टॉकमध्ये कंट्री जो मॅकडॉनल्ड याच मालिकेतली गिटार घेऊन लाखोंच्या गर्दीसमोर उभा होता. 1982 मध्ये कॅनडातल्या क्वेबेकमध्ये रॉबर्ट गोदँ याने सीगल गिटारी सुरू केल्या. तबली सलग सीडरची, पाठ मात्र चेरीच्या थरांची. पैसा पुढे घाला, मागे वाचवा. तोर्रेसचा पुठ्ठा कारखान्यात पोचला तो असा, निदान मी तरी ते असंच वाचतो. आज भारतात पंधरा-वीस हजारांत मिळणाऱ्या सॉलिड टॉप गिटारींचं गणित हेच आहे.

इथपर्यंत वाचून मी खूश होतो. माझी तबली सलग आहे, म्हणजे जिंकलो. मग बॉब टेलरची पॅलेट गिटार वाचली आणि गाडी अडली.

टेलर हा कॅलिफोर्नियातला मोठा गिटार उत्पादक. 1995 मध्ये त्याने कारखान्याच्या भंगारातलं माल ठेवायचं ओकचं पॅलेट उचललं आणि त्याची पाठ व कडा बनवल्या. तबली मात्र बांधकामाच्या साध्या फळीपासून, तुकडे जोडून केली. खिळ्यांची भोकं लपवली नाहीत, उलट धातूच्या चकत्या बसवून मिरवली, आणि पट्टीवर शिंपल्याची फोर्कलिफ्ट जडवली. वाद्यांच्या मोठ्या प्रदर्शनात ती ठेवली तर लोक चाट. आवाज चांगला होता. म्हणजे तबली सलग असणं पुरेसं नाही, आणि लाकूड उंची असणं गरजेचंही नाही. ती किती पातळ केली, पट्ट्या किती तासल्या, यातच सगळं. तोर्रेसची ती दोन बोटं. आणि कारखान्याला नेमकं हेच परवडत नाही. वॉरंटीत गिटार परत यायला नको म्हणून स्वस्त गिटारची तबली जरा जाडच ठेवतात.

रोझवुडचा निकाल 2018 मध्ये लागला होता, मलाच माहीत नव्हतं. इंग्लंडमधल्या लँकेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी रॉजर बकनॉल या कारागिराकडून सहा गिटारी करून घेतल्या. तबली सगळ्यांची सिट्का स्प्रूसची, मागचं लाकूड सहा तऱ्हांचं. त्यात महागडं ब्राझीलचं रोझवुड होतं आणि आपलं भारतीय रोझवुडही, म्हणजे शिसव, आजीच्या कपाटाचं लाकूड. 52 वादकांना अंधाऱ्या खोलीत वेल्डिंगचे चष्मे लावून वाजवायला दिल्या. गुणांत सांगण्यासारखा फरक पडला नाही. ईएमआयचं पान मी त्या रात्री बंद केलं.

आता राहिली माझी गिटार. तबली तासणं माझ्या हातचं नाही. मग हातात काय आहे? तारेची दोन टोकं. इथे मला मिरज आठवली. कॉलेजात असताना एका मित्राच्या तानपुऱ्यासाठी आम्ही तिकडे गेलो होतो. मिरजेत सतार आणि तानपुरे पिढ्यान् पिढ्या बनतात. तिथल्या एका कारागिराने आमच्यासमोर जवारी काढली. घोडीचा माथा कानसने हलकेच घासायचा, तार छेडायची, ऐकायचं, पुन्हा घासायचं. तासभर तेच. तबली तीच, भोपळा तोच, आणि मेलेला तानपुरा बोलायला लागला. गिटारचं गणित उलटं आहे हे खरं. तानपुऱ्यात तारेने घोडीच्या माथ्यावर घासत जावं लागतं, गिटारमध्ये तिने सॅडलवरून एकाच बिंदूला स्वच्छ सुटावं लागतं. पण जागा तीच आहे. तारेची हालचाल तबलीत उतरते ती तिथूनच.

माझ्या गिटारची सॅडल पोकळ प्लास्टिकची होती आणि खाचेत हलत होती. हाडाची कोरी पट्टी काही शे रुपयांत मिळाली. बूड काचेवर सँडपेपर ठेवून सपाट केलं, जाडी खाचेत घट्ट बसेल अशी घासली. हाडापेक्षाही या घट्ट बसण्याने जास्त फरक पडला असं माझं मत आहे. सोबत फॉस्फर ब्राँझच्या नव्या तारा चढवल्या. या तारा तशा नव्याच, 1974 मध्ये डॅडारिओने आणल्या. जुन्या तारा मी अकरा महिने बदलल्या नव्हत्या. हे लिहायलाही लाज वाटते, कारण निम्मा डबा तर त्यांचाच होता.

आणि मग मी माती खाल्ली. हे सगळं केलं जुलैत. तारा पट्टीपासून फार वर वाटत होत्या, म्हणून सॅडल बरीच घासून खाली आणली. वाजवायला लोणी! मार्चमध्ये तीच गिटार प्रत्येक सुराला खडखडायला लागली. कारण साधं होतं. पुण्याच्या पावसाळ्यात सलग लाकूड पाणी पितं, तबली फुगून वर येते आणि तारांना वर ढकलते. उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत ती खाली बसते. मी पावसाळी फुगलेल्या तबलीवर माप घेतलं होतं. प्लायवुडवाल्याला हा त्रास बराच कमी होतो, मघाशी म्हटलं ते हेच. दुसरी हाडाची पट्टी आणली. आता गिटार बंद केसमध्ये असते, आत आर्द्रता दाखवणारा छोटा मीटर आहे, आणि आकडा 45 ते 55 च्या बाहेर असेल तर मी सॅडलला हात लावत नाही. बाराव्या फ्रेटवर तार अर्धा मिलिमीटर खाली आणायची असेल तर सॅडल एक मिलिमीटर घासावी लागते. मी एका फटक्यात दोन घासले होते. तुम्ही दहा-दहा कागदी फटके मारा, तार चढवा, ऐका, मिरजेसारखं.

एपिसोडमध्ये आधीचं आणि नंतरचं अशी दोन रेकॉर्डिंग आहेत, एकाच खोलीत, एकाच फोनवर केलेली. मुद्दाम नावं न घालता दोन्ही आईला पाठवली होती. तिने पहिलं निवडलं. का म्हणून विचारलं तर म्हणाली, "त्यात तू कमी चुकलायस."