बावला खून खटला: हात सापडले, हुकूम कोणाचा?

१/ १२ जानेवारी १९२५. मुंबईच्या मलबार हिलवर सायंकाळी एक मोटार अडवली गेली. आत होते धनाढ्य व्यापारी अब्दुल कादर बावला आणि मुमताज बेगम. हल्लेखोरांनी बावलावर गोळ्या झाडल्या, मुमताजच्या चेहऱ्यावर वार केले.

२/ गोल्फ खेळून परतणारे ब्रिटिश लष्करी अधिकारी योगायोगाने तेथे पोहोचले. लेफ्टनंट सेगर्ट जखमी झाले, तरी हल्लेखोर पकडले गेले आणि मुमताज बचावली. बावला मात्र वाचला नाही.

३/ मुमताज ही इंदूरचे महाराज तिसरे तुकोजीराव होळकर यांच्या दरबारातून निसटलेली नर्तकी. आपल्याला इंदूरला परत जायचे नव्हते, तेथे आपली नवजात मुलगी मारली गेली, असे तिने न्यायालयात सांगितले. ज्या स्त्रीला पळवून न्यायचे होते, तीच खटल्याची प्रमुख साक्षीदार ठरली.

४/ मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती क्रम्प यांच्यासमोर नऊ आरोपी उभे राहिले. त्यांत इंदूरच्या फौजेतील वरिष्ठ अधिकारी आनंदराव फणसे होते. त्यांचे वकील बॅरिस्टर जिना. तिघांना फाशीची शिक्षा झाली. मात्र या माणसांना पाठवले कोणी, हा प्रश्न उरलाच.

५/ उत्तरात अडसर होता तहांचा. यशवंतराव होळकरांनी पुणे जिंकले, तेव्हा दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांचा आश्रय घेतला आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी आमच्या वसईत तह केला. १८१८ मध्ये मंदसौरच्या तहाने होळकरही इंग्रजांच्या छत्राखाली आले. सार्वभौमत्व गेले, पण संस्थानिक म्हणून ते ब्रिटिश हिंदुस्थानातील सामान्य न्यायालयांच्या कक्षेबाहेर राहिले.

६/ सरकारने तुकोजीरावांपुढे दोन पर्याय ठेवले: चौकशी आयोग किंवा गादीत्याग. पुढे चौकशी होणार नाही, या समजुतीवर त्यांनी फेब्रुवारी १९२६ मध्ये गादी सोडली. सतरा वर्षांचे पुत्र यशवंतराव गादीवर आले.

७/ १९२८ मध्ये तुकोजीरावांनी अमेरिकन नॅन्सी मिलर यांच्याशी विवाह केला. १९७८ मध्ये पॅरिस येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्यावर खटला चालला नाही. म्हणून इतिहासाच्या विद्यार्थ्याला त्यांना दोषी म्हणता येत नाही, आणि न्यायालयाने निर्दोष ठरवले असेही म्हणता येत नाही.

८/ काही गुन्हे पुराव्याअभावी अनुत्तरित राहतात. येथे मात्र प्रश्न विचारणेच थांबवण्यात आले.